मधली फिल्म

चित्रकर्ती त्या गावात आली आणि आठवडा व्हायच्या आत बाईंनी तिला चारचौघांत सोलून काढलं.

गावाबाहेरच्या टेकडीवर क्षयरोग्यांचं जुनं इस्पितळ होतं. रोगाला औषध निघालं, रोगी संपले, डॉक्टर निघून गेले, इमारत तेवढी ठणठणीत उरली. पुढे एका कलासंस्थेनं ती ताब्यात घेतली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि दरवर्षी एका कलावंताला तिथं राहायला बोलवायला सुरुवात केली. राहायचं, इस्पितळाच्या दप्तरखान्यात हिंडायचं, हाताला लागेल त्यातून काहीतरी घडवायचं आणि जायच्या आधी ते गावाला दाखवायचं. संस्थेचे संचालक या सगळ्याला ‘सामूहिक स्मृती’ म्हणत. काही माणसांना खाकरल्याशिवाय बोलायला सुरुवात करता येत नाही, तशी संचालकांना या दोन शब्दांशिवाय येत नसे.

चित्रकर्तीनं चाळिशी ओलांडली होती. एके काळी तिच्या चित्रांबद्दल चांगलं बोललं जायचं, मग नुसतंच बोललं जायचं, मग तेही थांबलं. बरोबरीची मंडळी कुठल्या कुठे पोचली होती आणि ही पोरांना सफरचंद आणि सुरई काढायला शिकवत होती. इथलं बोलावणं आलं तेव्हा तिनं धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं, “हे जमलं नाही ना, तर ब्रश विकून टाकते.”

“घेणार कोण?” बहीण म्हणाली. दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर चित्रकर्तीला ते हसू बराच वेळ खुपत राहिलं.

दप्तरखाना म्हणजे इस्पितळाच्या मागच्या अंगाची, जाड दाराची एक खोली होती. लोखंडी रॅकवर तपकिरी पाकिटं उभी लावलेली आणि प्रत्येकात कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे. आत शिरलं की नाकाला आंबूस वास झोंबायचा. जुन्या फिल्मला सुटतो तो. पाकिटावर नाव असायचं आणि फिल्मच्या कोपऱ्यातही पांढऱ्या शाईनं तेच नाव लिहिलेलं. चित्रकर्तीनं पहिली फिल्म बाहेर नेऊन खिडकीच्या काचेला लावली आणि ती तिथंच खिळून राहिली. निळसर काळोखात कुणाच्या तरी बरगड्या उजळल्या होत्या. त्या माणसाला जाऊन जमाना झाला होता आणि ऊन त्याच्या आतून आरपार येत होतं.

तिचं ठरलं. साऱ्या फिल्मी एकीला एक शिवायच्या आणि मोठ्या वॉर्डच्या खिडक्यांवरून एकच लांबरुंद पडदा सोडायचा. वॉर्डमध्ये येणाऱ्या माणसाच्या अंगावर उजेड पडेल तो या छात्यांमधून गाळून.

संचालकांना कल्पना अशी आवडली की त्यांनी लगेच गावकऱ्यांची बैठक बोलावली. वॉर्डमधल्या खाटा कधीच गेल्या होत्या, पण फरशीवर त्यांच्या पायांचे खळगे होते. त्या खळग्यांवर खुर्च्या मांडल्या. पहिल्या रांगेत मधोमध बाई बसल्या.

बाई म्हणजे गावच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन काळ लोटला तरी गावात ‘बाई’ म्हटलं की दुसरी कुणी डोळ्यांपुढे येत नसे. इमारतीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या पुढ्यात पोटं सुटलेली, केस पिकलेली माणसंही पाय जुळवून बसत. चित्रकर्तीचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

“म्हणजे मेलेल्या माणसांच्या बरगड्या खिडकीत वाळत घालायच्या,” त्या म्हणाल्या. “आणि त्याला कला म्हणायचं.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“तसं नाही, बाई. या लोकांची आठवण—”

“तुम्हाला कुठली आठवण? तुमचं कोण होतं इथं?”

“माझं कुणी नव्हतं, पण—”

“तुमची आधीची चित्रं मी पाहिली. यांनी पुस्तिका दिली होती.” बाईंनी मान न वळवता संचालकांकडे बोट केलं. “फुलं, भिंती, परत फुलं. ती कुणी विचारेना, म्हणून आता हाडं का?”

आता सगळा वॉर्ड हसला. संचालकही हसले, मग चित्रकर्तीशी नजर भिडल्यावर त्यांना पुस्तिकेत काहीतरी शोधायचं आठवलं. चित्रकर्तीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाई बोलल्या ते खरं होतं, आणि ते इतकं खरं आहे हे आजवर तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

शेवटी बाईंनी परवानगी दिली, पण नियम घालून. एकाही रोग्याचं नाव दिसता कामा नये. फिल्म शिवायच्या आधी नावाचा कोपरा कापायचा आणि पाकिटं फाडून टाकायची. “लोक इथं लाज पोटात धरून मेले,” त्या म्हणाल्या. “त्यांची नावं खिडकीत टांगलेली मला चालणार नाहीत.”

त्यानंतर चित्रकर्ती कामाला लागली. एका टेबलावर जाड काच ठेवून खाली दिवा लावला. एकेक पाकीट उघडायचं, फिल्म दिव्यावर बघायची, कागद कापायच्या यंत्राखाली सरकवून कोपरा उडवायचा, पाकीट पोत्यात टाकायचं. गावातला एक शिंपी मदतीला घेतला. तो फिल्मच्या कडेला भोकं पाडायचा, फीत लावायचा आणि जाड दोऱ्यानं जोडायचा. कापडासारखी ही वस्तू ऐकत नाही, अशी त्याची दिवसभर कुरकुर चाले. “माणूस मेल्यावरही ताठ तो ताठच,” असं म्हणून तो स्वतःच हसायचा. चित्रकर्ती हसत नसे. बाईंचं ते ‘परत फुलं’ तिच्या कानात घर करून बसलं होतं. ब्रश हातात धरला की ऐकू यायचं. जेवताना ऐकू यायचं.

एके दुपारी शिंपी घरी जेवायला गेला होता, तेव्हा बाई एकट्याच आल्या. आल्या आल्या त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवून धूळ पाहिली आणि ती झटकली. टेबलावरच्या दिव्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

“एक काम होतं,” त्या म्हणाल्या.

“बोला.”

“माझी आई इथं होती.”

चित्रकर्तीनं हातातली फिल्म खाली ठेवली.

“मी चालायला लागले होते, एवढीच काय ती. तिला इथं आणलं आणि ती इथंच गेली. तिचा एकही फोटो नाही. होते ते मावशीनं जाळले, रोगाच्या भीतीनं. मी कुणासारखी दिसते ते मला माहीत नाही.” बाई हे सगळं वर्गात हजेरी घ्यावी तशा सरळ आवाजात सांगत होत्या. “मावशीनं वाढवलं मला. केस विंचरताना रोज एकच सांगायची. तुझ्या आईनं तुला माझ्या अंगावर टाकलं आणि ती मागे वळूनसुद्धा न बघता आत गेली. रोज. वेणी संपेपर्यंत.”

“तुम्ही याआधी का नाही मागितली फिल्म?”

“कुणाकडे मागणार? माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांकडे?” बाईंनी चष्मा पुसला. “सापडली तर मला द्या. एवढंच.”

मग त्यांनी आईचं नाव सांगितलं, शुद्धलेखन घालावं तसं, एकेक अक्षर तोडून, आणि दोनदा. चित्रकर्तीनं मान डोलावली. बाई जिना उतरून फाटकाबाहेर जाईपर्यंत तिनं खिडकीतून पाहिलं. वरून त्या फारच लहान दिसत होत्या. चित्रकर्तीला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं काही चांगल्या जातीचं नव्हतं.

फिल्म सापडली ती त्यानंतर थोड्याच दिवसांत. पाकिटावर तेच नाव होतं. आत एक नव्हे, दोन फिल्मी निघाल्या.

पहिली तिनं दिव्यावर ठेवली आणि ती खाली वाकली. एका बाईची छाती, बारीक बरगड्या, आणि गळ्याखालच्या हाडावर एक इवलासा पंजा. तांदळाच्या दाण्यांएवढी बोटांची हाडं, घट्ट आवळलेली. कडेवरचं मूल आईला सोडायला तयार नव्हतं आणि यंत्राचं बटण दाबलं गेलं होतं. एवढंच असतं तरी पुष्कळ होतं. पण त्या इवल्या बोटांवर मोठ्या बोटांची हाडं होती, एकात न काढलेल्या अंगठीची पांढरी कडी. फोटो काढताना हलायचं नाही असं त्या बाईला नक्की बजावलं असणार. तरी तिनं हात वर नेला होता आणि लेकराचा हात आपल्या अंगावर दाबून धरला होता.

दुसरी फिल्म नेहमीसारखी होती. पहिली बिघडली म्हणून पुन्हा काढलेली. तिच्यात आई एकटी होती. हात खाली.

चित्रकर्ती किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. मागून संचालकांचा आवाज आला तेव्हा ती दचकली. ते खांद्यावरून वाकून पाहत होते आणि पहिल्यांदाच त्यांना सामूहिक स्मृती आठवली नाही.

“हे,” ते म्हणाले. “हे मधोमध. बाकी सगळं याच्याभोवती. ताई, याला जग बघायला येईल.”

“हो,” ती म्हणाली.

“कुणाची आहे?”

त्या वेळी सांगता आलं असतं. नाव पाकिटावर होतं आणि पाकीट तिच्या हाताखाली होतं. पण तिला वॉर्डमधलं ते हसणं आठवलं, संचालकांचं धरून. आणि हेही तिला स्वच्छ कळत होतं की असली फिल्म तिच्या हाताला पुन्हा लागणार नाही. पुन्हा काहीच लागणार नाही.

“बघितलं नाही,” ती म्हणाली.

“नकाच बघू. कळलं तर नातेवाईक उगवतात. पाकीट आधी फाडा.”

ते गेल्यावर तिनं पाकीट फाडलं. मग दोन्ही फिल्मी एकावर एक ठेवल्या, कापायच्या यंत्राखाली सरकवल्या आणि दोन्ही कोपरे एका घावात उडवले.

संध्याकाळी तिनं बहिणीला फोन केला. हे पोटात ठेवणं तिला जमेना.

“मग दे ना त्यांना,” बहीण म्हणाली.

“दुसरी देते आहे. ती त्यांच्या आईचीच आहे. खोटं काही नाही.”

“अगं, पण पहिलीत त्या स्वतः आहेत.”

“त्यांना काय माहीत?”

बहीण म्हणाली, “मावशीनं रोज वेणी घालताना सांगितलं म्हणालीस ना? तुला झोप येईल?”

“मला झोप येत नाही म्हणून तर इथं आले,” चित्रकर्ती म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी दुसरी फिल्म कागदात गुंडाळून ती बाईंच्या घरी गेली. घर वहीला समास आखावा तसं नीटनेटकं होतं. बाईंनी गुंडाळी उघडायच्या आधी हात धुतले आणि पदराला पुसले. फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरली. चित्रकर्तीनं एक बाजू धरली. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

“हे हृदय का?”

“हो.”

“केवढंसं आहे.” त्यांनी फिल्म जरा वर धरली. “आणि हे डाग म्हणजे तो रोग.”

“हो.”

“आणखी काही नव्हतं पाकिटात?”

“नाही,” चित्रकर्ती म्हणाली. “कोपरा मात्र कापावा लागला, बाई. तुमचाच नियम.”

बाई हसल्या. इतक्या दिवसांत त्यांना हसताना तिनं पहिल्यांदा पाहिलं. “नियम तो नियम,” त्या म्हणाल्या. मग फिल्मवर, हृदयाच्या जागी, त्यांनी बोटाचं टोक टेकवलं आणि लगेच उचललं. “बस. चहा टाकते. मी तुला त्या दिवशी फार बोलले.”

त्या दिवसापासून बाई बदलल्या. फिल्म त्यांनी खिडकीच्या काचेला चिकटवली आणि सकाळचा चहा तिच्यासमोर बसून घेऊ लागल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला आत नेऊन दाखवत. ज्यांनी आयुष्यभर त्यांच्याकडून फक्त ओरडा खाल्ला होता, ती माणसं त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून त्यांच्या आईच्या बरगड्या बघत होती आणि काय बोलावं ते न सुचून “छान आहेत” म्हणत होती. चित्रकर्तीसाठी तर बाईंनी गाव कामाला लावलं. खुर्च्या आणवल्या, शिड्या आणवल्या, शाळेतून मुलांच्या रांगा येतील असं बघितलं. दुपारी स्वतः वॉर्डमध्ये येऊन बसायच्या आणि शिंप्याचे टाके तपासायच्या. शिंपी लहानपणी त्यांच्याच वर्गात होता. तो म्हणे, “इतक्या वर्षांनी परत वही तपासून घ्यायची वेळ आली.”

मधली फिल्म लावायची पाळी आली तेव्हाही बाई तिथं होत्या. शिंप्याला भोकं पाडायला सोपं जावं म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि सहज उजेडाकडे वळवली.

“अरे,” त्या म्हणाल्या. “हे बघितलंस? पोर आहे कडेवर.”

शिंप्यानं पाहिलं आणि तोंडानं चक् केलं.

“कुणाचं आहे गं?” बाईंनी विचारलं.

चित्रकर्ती शिडीवर होती. तिनं तोंडात खिळे धरले होते, म्हणून तिला नुसती मान हलवता आली. माहीत नाही.

“कसा घट्ट धरलाय हात. सोडायचं नाव नाही.” बाई बघत राहिल्या. “भाग्याचं पोर. मार तू भोकं, पण हाताजवळ नको मारू. जरा सोडून मार.”

शिंप्यानं जरा सोडून भोकं पाडली. चित्रकर्तीनं भिंतीत खिळा ठोकला तो वाकडा गेला. तिनं तो उपटला आणि दुसरा घेतला.

पडदा दाखवायचा दिवस आला. लख्ख ऊन होतं. वॉर्डचं दार उघडलं आणि आत शिरलेली माणसं बोलायची थांबली. फरशीवर, भिंतींवर, लोकांच्या कपड्यांवर निळसर उजेड होता. म्हातारी माणसं पडद्याजवळ जाऊन एकेका छातीसमोर उभी राहत होती, जणू ओळख पटेल. मधल्या फिल्मसमोर तर रांग लागली. बाहेरगावाहून आलेला एका मोठ्या संग्रहालयाचा माणूस तिथून हललाच नाही. संचालक त्याच्या कोपराला धरून हळू आवाजात बोलत होते आणि मधूनमधून चित्रकर्तीकडे बघून डोळे मिटत होते. म्हणजे काम झालं.

बाईंनी भाषण केलं. लहानसंच. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या की या बाईंची मी याच जागी टिंगल केली होती, आणि मी चुकले होते. गावानं टाळ्या वाजवल्या. बाईंच्या तोंडून ‘चुकले’ हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता.

नंतर चहाच्या वेळी दोघी मधल्या फिल्मसमोर उभ्या होत्या. गर्दी टेबलाकडे सरकली होती.

“मी रोज माझ्या आईसमोर बसते,” बाई म्हणाल्या. “बरं वाटतं. पण तिच्या फिल्ममध्ये तिचे हात खाली आहेत बघ. इथं या बाईनं कसा पोराचा हात धरलाय. माझी आई तशी नव्हती, एवढं खरं. असो. जे आहे ते आहे.” मग त्यांनी चित्रकर्तीच्या दंडावर थोपटलं, वर्गातल्या कच्च्या पोरीनं शेवटी उदाहरण सोडवलं की थोपटावं तसं. “तुझं मात्र भलं झालं. तुला एकदा नीट झापायची गरज होती, बाकी काही नाही.”

त्या थोपटण्यानं चित्रकर्तीच्या आत काहीतरी सणकलं. पुढे कितीदा तरी तिनं स्वतःला सांगून पाहिलं की मला त्यांची दया आली, मन खात होतं म्हणून मी बोलले. दया होतीच. पण बोलताना जिभेला जी चव आली होती ती दयेची नव्हती.

“बाई,” ती म्हणाली, “ते मूल तुम्ही आहात.”

बाईंनी कप बशीत ठेवला.

“एकाच पाकिटात दोन होत्या. ही आधीची. तुम्ही सोडत नव्हता म्हणून ही बिघडली. मग तुम्हाला बाजूला घेऊन दुसरी काढली असणार. ती तुमच्याकडे आहे.”

बाईंनी वर पाहिलं नाही. फिल्मकडेही नाही. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्यापासून.”

“मी हातात धरली होती ही,” बाई म्हणाल्या. “मी शिंप्याला म्हटलं, हाताजवळ भोक मारू नको.”

“मला माफ करा.”

“मावशी जिवंत असताना तरी—” त्यांनी वाक्य सोडलं. त्यांचं तोंड एकाएकी फार म्हातारं दिसायला लागलं. मग त्या ताठ झाल्या. “मला ही फिल्म द्या,” त्या म्हणाल्या. ‘तू’ कुठल्या कुठे गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. संचालकांनी सकाळीच चित्रकर्तीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पडदा आता संग्रहालयाकडे जाणार, तिथून आणखी चार देशांत जाणार. एक फिल्म दिली की उद्या सारं गाव आपापले आजे-पणजे मागायला येईल. पडदाच उरणार नाही. “आणि तुम्ही परत कुठे जाणार? फुलांकडे?” त्यांनी हे प्रेमानं विचारलं.

बाई नेहमीच्या जागी बसल्या नाहीत. उभ्या राहिल्या. “मी जास्त काही मागत नाही,” त्या म्हणाल्या. “पडदा न्यायचा तर न्या. फिल्मही न्या. जगाला दाखवा. यांनी फक्त इथं, सगळ्यांसमोर एकदा म्हणावं की ही तुमची आई आणि तो तुमचा हात. काल मला एकटीला म्हणाल्या ते. मला गावानं ऐकायला हवंय.”

सगळे चित्रकर्तीकडे बघू लागले. शिंपीही दाराशी उभा होता.

संचालक सावकाश म्हणाले, “सामूहिक स्मृतीच्या दृष्टीनं बघता... पाकीट नाही, कोपरा नाही. हे असं निश्चित सांगता येतं का, ताई?”

चित्रकर्तीला एकच शब्द बोलायचा होता. तो बोलली असती तर कदाचित काहीच बिघडलं नसतं. पडदा गेला असता, बाई घरी गेल्या असत्या. पण ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तुम्ही दिली का नाहीत? गावासमोर, त्याच वॉर्डमध्ये, पुन्हा.

“नक्की सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “काल गर्दीत मी भावनेच्या भरात काहीतरी बोलले. बाईंना बरं वाटावं म्हणून.”

कुणीतरी खुर्ची सरकवली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. वर्गात एखाद्या पोरानं चोरी केलेली आपण डोळ्यांनी पाहिली आणि ते नाही म्हणालं, तर त्याच्याकडे बघावं तसं.

“शिवाय, बाई,” संचालक म्हणाले, “कोपरे कापायचा नियम तर तुमचाच होता.”

यावर कुणी हसलं नाही, एवढंच.

पडदा उतरवायच्या दिवशी सकाळी बाई आल्या. वॉर्डमध्ये खोकी पडली होती, शिंपी पडद्याच्या घड्यांमध्ये कागद घालत होता. बाईंच्या हातात खिडकीवरची फिल्म होती. कडांना चिकटपट्टीचे तुकडे तसेच राहिले होते. त्यांनी ती चित्रकर्तीच्या टेबलावर, पडद्यातून उरलेल्या फिल्मींच्या शेजारी ठेवली.

“बाई, ही तुमच्याच आईची आहे,” चित्रकर्ती म्हणाली. “गळ्याशपथ सांगते. ही नक्की आहे.”

“कशावरून?”

“मी स्वतः पाकिटातून काढली.”

“ती मधलीही तुम्हीच काढली होती.” बाईंचा आवाज अगदी शांत होता. “तुम्ही खोटं मला बोललात की समितीसमोर, ते मला कसं कळणार? परवापर्यंत मला आई होती. आता खिडकीत कोण आहे ते मला माहीत नाही. परक्या माणसाची छाती समोर ठेवून मी चहा कसा घेऊ?”

“बाई, मी सगळ्यांना सांगते. आत्ता जाऊन सांगते.”

“आता कोण ऐकणार? मीसुद्धा नाही ऐकणार.”

त्या निघाल्या. फरशीवरच्या खाटांच्या खळग्यात त्यांचा पाय अडखळला, शिंपी धरायला पुढे झाला, तर त्यांनी त्याला हातानं थांबवलं आणि एकट्याच जिना उतरल्या. चित्रकर्ती त्यांच्या मागे खाली फाटकापर्यंत गेली. हाका मारल्या. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

ती परत वर आली तोवर शिंप्यानं टेबल आवरलं होतं. चिकटपट्टीचे तुकडे खरवडून काढले होते आणि उरलेल्या साऱ्या फिल्मींचा गठ्ठा करून, पत्ते ठोकावेत तसा ठोकून, कडा जुळवून ठेवला होता.

“यात बाईंची कुठली?” तिनं विचारलं.

“बाईंची?” शिंपी म्हणाला. “मला वाटलं, बाईंचं काही नाही असं ठरलं.”

तो हे टोचून बोलला की साधेपणानं, ते तिला कळलं नाही. तिनं दिवा लावला आणि गठ्ठ्यातली एकेक फिल्म काचेवर ठेवून पाहिली. बारीक बरगड्या, लहान हृदय, डाग. अशा कितीतरी होत्या. एक तिनं बाजूला काढली, मग दुसरी काढली, मग दोन्ही शेजारी ठेवून बघत बसली. पडदा न्यायला आलेल्या गाडीवाल्यानं खालून भोंगा वाजवला तेव्हा तिनं त्या दोन्ही परत गठ्ठ्यात सारल्या.

पडदा खूप हिंडला. तिचं नाव झालं. आता तिला बोलावणी येतात, ती निवडून हो म्हणते. बहीण फोन करते, पण त्या फिल्मचा विषय दोघी काढत नाहीत. बाई त्यानंतर टेकडीवर कधी आल्या नाहीत. समितीतूनही त्या बाहेर पडल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला त्यांनी कागद चिकटवून घेतला, असं शिंप्याकडून संचालकांना आणि संचालकांकडून तिला कळलं. पुढे एकदा कळलं की त्या गेल्या.

पडदा जिथं जातो तिथं लोक मधल्या फिल्मसमोर गर्दी करतात आणि मुलाखत घेणारे हटकून विचारतात, ते मूल कुणाचं?

“ते कुणाचंही असू शकतं,” ती सांगते.

हे उत्तर लोकांना फार आवडतं.